उंबरठ्यावरचे एकवीस कप्पे

डोंगरांच्या त्या मुलखात विद्या पोळ्यांमध्ये राहत असे. दर कड्याला एक पोळे होते, दर पोळ्याचे आपले एक शहाणपण होते, आणि ते शेजारच्या कड्यापर्यंतही सहसा पोहोचत नसे. मधमाशी जन्माला येई, ज्या फुलावर पहिल्यांदा बसेल त्याचे नाव घेई, शिके, शिकवी, आणि पंख झिजले की एके दिवशी परतत नसे.

सोनकी पलीकडच्या दूरच्या पोळ्यात शिकून, सात डोंगर आणि दोन नद्या ओलांडून परतली तेव्हा आपल्या पोळ्याचे दार बंद असेल असे तिला वाटले होते. त्या बंद दारासमोर करायचे भाषण तिने वाटभर घोकले होते. दार उघडा, ती म्हणणार होती. जग मोठे आहे, पलीकडच्या माश्याही सूर्यावरूनच वाट काढतात. प्रत्यक्षात दार उघडेच होते. नुसते उघडे नव्हते, पूर्वीच्या दुप्पट रुंद केलेले होते. तिला कोणी अडवले नाही, कोणी हुंगलेही नाही. आपल्याच पोळ्यात शिरताना आपला वास घेतला जाऊ नये, हे तिला इतके चमत्कारिक वाटले की ती उंबरठ्यावर थोडा वेळ उगीच उभी राहिली. भाषण तोंडातच राहिले.

उंबरठाही आता वेगळा दिसत होता. त्यावर मेणाची एक लांब पट्टी घातली होती आणि पट्टीवर ओळीने एकवीस कप्पे होते. प्रत्येकाच्या तोंडावर पांढरी मोहर होती. प्रत्येक कप्पा दूरच्या कुठल्या तरी पोळ्याने पाठवलेला होता. एक माशी त्या मोहरा पुढच्या पायांनी पुसत होती.

“पाय पुसून ये गं,” ती मागे न बघता म्हणाली. मग तिने बघितले. “अगं बाई! सोनकी!”

ती टणटणी होती. दोघी एकाच दिवशी, शेजारशेजारच्या कप्प्यांतून बाहेर पडल्या होत्या.

“हे काय आहे सगळं?” सोनकीने विचारले.

“हे म्हणजे आपले संबंध,” टणटणी म्हणाली. “दर ऋतूला फुलपाखरू येतं. मुलखातली सगळी पोळी हिंडतं आणि कोण पहिलं, कोण शेवटचं ते सांगतं. मोहरा मोजून सांगतं.”

“आणि आतला मध?”

“त्याला सोंड आहे, पण सवड नाही.”

“तुम्ही तरी चाखला असेल.”

“मोहर फुटली की कप्पा मोजणीतून गेला. आम्ही आपल्या पुसतो. सकाळी मी, संध्याकाळी कारवीआक्का.” टणटणीने हसून मान वाकडी केली. “माझ्या नावाचं फूल बाहेरून आलेलं ना, म्हणून मला या कामावर ठेवलंय. पाहुण्यांच्या सेवेला पाहुणी.”

उंबरठा शेवंतीच्या ताब्यात होता. शेवंती वाईट नव्हती. ती लहान असताना समोरच्या कड्यावरचे एक पोळे एका उन्हाळ्यात उपासमारीने मेले होते, आणि ते मेल्याचे मुलखात कोणाला कळलेही नव्हते, कारण ते आहे हेच कोणाला माहीत नव्हते. शेवंतीने ते रिकामे पोळे आत जाऊन पाहिले होते. तेव्हापासून तिला एकच ध्यास होता: आपले नाव दूरदूर माहीत असले पाहिजे. दार तिनेच रुंद करवले, कारण पलीकडच्या माश्या अंगाने थोराड असतात आणि पाहुणीला वाकून यावे लागू नये. पलीकडचा पहाराही तिनेच पोळ्यात आणला. कोवळ्या माश्यांना आता शिकवले जाई की शत्रू दिसला की पहारेकरणीने एकटीने पुढे व्हावे आणि नांगी मारावी. जी मारील तिचे नाव भिंतीवर कोरावे. पूर्वी शिकवला जाणारा, सगळ्यांनी मिळून करायचा गोळ्याचा पाठ तिने बंद केला होता. त्या पाठाला कोणा एकीचे नाव लावता येत नसे, आणि फुलपाखराने त्याबद्दल कधी विचारलेही नव्हते.

शेवंतीने सोनकीचे मनापासून स्वागत केले. सोनकीने मात्र सामानच आधी बाहेर काढले. तिच्या मागच्या पायांना तपकिरी चिकट गोळ्या होत्या.

“ही राळ आहे, ताई. पलीकडे झाडांवरून गोळा करतात आणि भेगा लिंपतात. मग मेणकिडा अंडी घालत नाही. मी तीन वर्षं हेच शिकले. आपली मागची भिंत पोखरलीय, मी येताना पाहिलं. दहाजणी दिल्यात तर उद्यापासून—”

“छान, छान,” शेवंती म्हणाली. “हे सगळं फुलपाखराला सांग. तीन दिवसांनी येतंय. तोवर तू इथे या नवव्या कप्प्याशेजारी बसत जा. तुझ्याच त्या पोळ्याकडून आलाय हा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे की आपली मुलगी तिथे शिकून आली.”

“पण ताई, मागची भिंत…”

“मागची भिंत मागे आहे, बाळ. तिथे कोण बघायला येतंय? आणि ते पाय आधी धुऊन घे.”

मेणकिड्यावर त्या पोळ्याचा जुना उपाय होता. पोखरलेला भाग कुरतडून खाली टाकायचा, आणि फारच पोखरले गेले की सगळे पोळे सोडून दुसऱ्या कड्यावर उडून जायचे. असे तीनदा झाले होते. दर वेळी मध थोडाफार बरोबर नेता आला होता. जे भिंतींवर कोरलेले होते ते मागे राहिले होते.

सोनकी दोन दिवस नवव्या कप्प्याशेजारी बसली. येणाऱ्याजाणाऱ्या तिच्याकडे बघत, “हीच का ती?” म्हणत आणि पुढे जात. पलीकडे काय शिकलीस, असे तिला कोणी विचारले नाही. तिच्या मनातला जाळ आत जळत राहिला आणि त्याचा धूर तिच्याच डोळ्यांत गेला. हे पोळे सुधारण्यापलीकडचे आहे, असे ती दुसऱ्या संध्याकाळी स्वतःशी म्हणाली. परत पलीकडे जावे. तिथे पाचहिमा होती.

पाचहिमा तिची शिक्षिका. पलीकडे फुलांवरून नावे ठेवत नाहीत; तिथे बर्फ पडते आणि जिने जितके हिवाळे काढले तितक्यांवरून तिचे नाव पडते. पाचहिमाचा डावा पंख फाटका होता. राळ मळताना ती एक शब्द बोलत नसे, पण सोनकीने चूक केली की तिचा पाय धरून पुन्हा त्याच भेगेवर ठेवी. सोनकीला जगात इतका धीर कोणी दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गांधील आली.

गांधील एकटी येते ती पाहणीला. पोळे पसंत पडले की ती परत जाते आणि झुंड घेऊन येते. झुंड आली की पोळे उरत नाही. ही गांधील कड्याला एक वळसा घालून सरळ रुंद दारातून आत उतरली. पूर्वीच्या दारातून तिला अंग चोरून, हळूहळू शिरावे लागले असते.

पहाऱ्यावर आंबुशी नावाची कोवळी माशी होती. ती शिकवल्याप्रमाणे एकटी पुढे झाली आणि तिने नांगी मारली. नांगी गांधिलीच्या कवचावरून घसरली. गांधिलीने तिचे दोन तुकडे केले. दुसरी पुढे झाली, मग तिसरी. तिघीही शूर होत्या. चौथी निघाली तेव्हा मागून आवाज आला, “थांब गं पोरी. एकटी कुठे निघालीस, वरातीला?”

कारवीआक्का पोळ्याच्या तळाशी पडलेला केर काढत असे. तिने डोंगरावरची, सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी दोनदा फुललेली पाहिली आहे असे म्हणत. म्हणजे ती किती म्हातारी होती याचा हिशोब कोणी केला नव्हता. तिच्यामागून केर काढणाऱ्या तीसचाळीस जणी वर आल्या. कोणी नांगी काढली नाही. त्या गांधिलीच्या पायांना, पंखांना, मानेला चिकटल्या, त्यांच्यावर आणखी चिकटल्या, आणि बघता बघता उंबरठ्यावर मुठीएवढा एक काळसर गोळा झाला. टणटणीने हातातले मेण टाकले आणि तीही त्यात शिरली. मग गोळा थरथरू लागला.

पंख न हलवता अंग थरथरवायचे, एवढेच ते काम होते. गोळा तापला. शेजारी उभ्या असलेल्या सोनकीला त्याची धग लागली. गांधिलीपेक्षा मधमाशीला किंचित जास्त उष्णता सोसते. त्या किंचितशा फरकावर सगळा पाठ उभा होता. काही वेळाने गोळा सुटला. मध्ये गांधील मेलेली होती. तिला कोणी मारले हे सांगता आले नसते.

“हे काय होतं?” सोनकीने विचारले.

“गोळा,” आक्का धापा टाकत म्हणाली. “तुला नाही शिकवलं. तुझी पाळी यायच्या आधी तुला पलीकडे पाठवलं. आणि तुझ्यानंतर पाठच बंद झाला.”

शेवंती धावत आली. तिने तिघींची कलेवरे पाहिली. मग ती म्हणाली, “हे सगळं आवरा. उद्या फुलपाखरू येतंय. उंबरठ्यावर असलं काही दिसता कामा नये.”

सोनकी हलली नाही. तिला पलीकडचा शेवटचा शरद ऋतू आठवत होता. तिकडेही गांधिली येत, आणि त्या शरदात त्या फारच वाढल्या होत्या. पहारेकरणी एकेकट्या पुढे होत आणि भिंतीवर नावे वाढत. एका सकाळी पाचहिमाने राळ मळता मळता मध्येच थांबून विचारले होते, “तुमच्याकडे गांधील आली की काय करतात?”

आणि सोनकीने अभिमानाने, आपण किती लांबून किती शिकायला आलो आहोत हे कळावे म्हणून, सांगितले होते, “आमच्याकडे? आमच्याकडे काही नाही. म्हणून तर मी इथे आले.”

पाचहिमाने मान हलवली होती आणि पुन्हा राळ मळायला घेतली होती. पण दर ऋतूच्या सुरुवातीला ती एक प्रश्न विचारी, “तुमच्याकडून काही आलं?” म्हातारीला भेटवस्तूंची आवड असेल असे सोनकीला वाटे. ती दर वेळी म्हणे, “सगळं ठीक आहे.”

संध्याकाळच्या उन्हात सोनकी नवव्या कप्प्याजवळ गेली. तीन दिवस ती त्याच्याशेजारी बसली होती. आता तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. पांढऱ्या मोहरेच्या कडेने राळेची एक बारीक तपकिरी रेघ होती, डावीकडे किंचित तुटलेली. पाचहिमाचा डावा पाय तिथे नेहमी घसरे. तिने कप्पा हलवला. आत मध नव्हता. काहीतरी खुळखुळले.

“सोनकी,” टणटणी हळूच म्हणाली, “शेवंतीताई मला केराला लावेल.”

“केरात चांगली संगत आहे,” आक्का म्हणाली.

सोनकीने मोहर फोडली.

आत राळेच्या पाच गोळ्या होत्या, वाळून कडक झालेल्या, शिकवायला लागतात तशा लहानीपासून मोठीपर्यंत. आणि त्यांच्यामध्ये गांधिलीचा एक पंख उभा ठेवलेला होता. कप्पा तीन वर्षांपूर्वी आला होता. त्याच्याच बदल्यात सोनकीला पलीकडे पाठवले होते; कप्पा मात्र तेव्हा तिला कोणी दाखवला नव्हता.

आक्काने पंख हुंगला. “हे विचारतायत,” ती म्हणाली. “राळ आधी ठेवलीय आणि मग विचारलंय. रीत आहे हो त्यांना.”

“तीन वर्षं मी रोज पुसलंय हे,” टणटणी म्हणाली. नेहमीसारखी थट्टा तिला त्या वेळी सुचली नाही.

शेवंतीला बोलवावे लागले नाही. मोहर फुटल्याचा वास उंबरठाभर झाला होता. तिने पंख पाहिला, राळ पाहिली.

“वीस झाले की आपण खाली जाऊ,” ती म्हणाली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. “पुढच्या मुलीला पलीकडे कोणी घेणार नाही. आपलं नाव कोणी घेणार नाही. तू पाहिलं नाहीस गं, पोळं कसं मरतं ते. मी पाहिलंय.”

“आज तीन पाहिल्या, ताई.”

शेवंतीने नजर वळवली. “हे बघ. आतलं काढून घे. तुला पाहिजे ते कर त्याचं. कप्पा रिकामाच मोहरबंद करू. आत काय आहे ते कोण बघतंय?”

तिने ताज्या पांढऱ्या मेणाचा एक तुकडा सोनकीसमोर ठेवला आणि ती आत गेली.

सोनकीचा पहिला विचार स्वतः पलीकडे जाण्याचा होता. तिने तो बोलूनही दाखवला.

“आणि जाऊन काय सांगशील?” आक्काने विचारले. “तुला गोळा येतो?”

सोनकीला गोळा येत नव्हता. तिला वाट येत होती. आणि गोळा सांगून कळण्यासारखा नव्हता. तो कप्प्यात भरून पाठवताही येण्यासारखा नव्हता.

“मग तुम्ही जाल, आक्का?”

“मी?” आक्का हसली. “मला पलीकडचं बोलता येत नाही गं. ‘या, बसा’ सुद्धा नाही.”

“बोलायचं नाहीये. थरथरायचं आहे.”

“तेवढं येतं,” आक्का म्हणाली. मग तिने आपल्या पंखांकडे पाहिले आणि मागे वळून हाक मारली, “ए, चाळीसजणी लागतील! परत यायची खात्री कुणी मागू नका, माझ्याकडे नाहीये.”

उन्हे जायच्या आत सोनकीने वाट नाचून दाखवली. पलीकडचा नाच सपाटीच्या मापाचा असतो. तो इथे तसाच नाचला तर माशी एक डोंगर ओलांडायचा तिथे तीन ओलांडते. सोनकीला दोन्ही मापे येत होती. तिने एकेक डोंगर आपल्या मापात उतरवला, एकेक नदी, शेवटी बर्फाचा वारा लागतो ती खिंड, आणि अगदी शेवटी फाटक्या डाव्या पंखाची एक म्हातारी. आक्काने सगळे पायांनी पाठ केले.

सकाळी कड्यावर ऊन पोहोचण्याआधी त्या निघाल्या. आक्काने गांधिलीचा पंख पोटाशी धरला होता, पत्ता म्हणून. चाळीसजणी तिच्या भोवती दाटीने उडत होत्या, आणि लांबून पाहणाऱ्याला मुठीएवढा एक काळसर गोळा पश्चिमेकडे सरकताना दिसला असता. उंबरठ्यावरून तो एकट्या सोनकीने पाहिला. पाचहिमाच्या पोळ्यावर तो वेळेत पोहोचेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

त्याच वेळी फुलपाखरू आले. ते सुंदर होते, आणि त्याला पुढच्या कड्यावर जायचे होते. शेवंती उंबरठ्याच्या कडेला उभी राहिली. तिच्यामागे सगळे पोळे दाटीवाटीने जमले.

फुलपाखराने मोजायला सुरुवात केली आणि नवव्या कप्प्यापाशी ते थांबले. “इथे?”

मेणाचा तुकडा सोनकीच्या पायांशी होता. शेवंतीने तो पुन्हा मळून मऊ करून ठेवलेला होता. सोनकीने तो उचलला. रिकामा कप्पा झाकायला तेवढे मेण पुरेसे होते, आणि मागच्या भिंतीतली एक भेग राळेखाली भरायलाही. तिने ते टणटणीच्या हाती दिले, सोबत राळेची सगळ्यात लहान गोळी दिली आणि मागच्या भिंतीकडे खूण केली.

“वीस,” फुलपाखरू म्हणाले.

सोनकी दहाव्या कप्प्याकडे वळली. तिने त्यावर मिशा टेकवल्या, थोडा वेळ ऐकले आणि मोहरेला जबडा लावला. मेण तडकले. कोणत्या तरी ओळख नसलेल्या फुलाचा वास पहिल्यांदाच पोळ्यात शिरला, आणि मागे उभ्या असलेल्या कोवळ्या माश्यांची एक रांग नकळत पाऊलभर पुढे आली.

“एकोणीस,” फुलपाखरू म्हणाले. त्याचे पंख उघडझाप करू लागले.

शेवंती पुढे आली. सगळ्यांना वाटले ती आता सोनकीला अडवील. ती तिच्या बाजूने पुढे गेली, अकराव्या कप्प्यासमोर उभी राहिली आणि बराच वेळ त्या मोहरेकडे बघत राहिली. ओळीच्या मधोमध ठेवलेला तो कप्पा तिनेच आणवला होता, सगळ्यांत आधी.

मग तिने वाकून कप्प्याला मिशी लावली आणि हळूच ठोठावले.

आत काहीतरी खुळखुळले.